कान

दर निवडणुकीला मी ती ठाण्यात जमा करते.
जुन्या इरकलीत गुंडाळून, ई-रिक्षात मांडीवर आडवी,
दीड हात नळी बाहेर वाऱ्यावर.
शेजारची बाई विचारते, सितार है क्या?
मी म्हणते, हां.

परवाना ह्यांच्या नावावर होता, हे गेल्यावर माझ्या.
रकाना चार : ठासणीची, एक नग.
रकाना सात, प्रयोजन : आत्मसंरक्षण.
दीवानजी चष्म्यावरून बघतात,
माताजी, चलती भी है?

चकमकीची होती तेव्हा चालायची.
घोड्याच्या दातांत गारगोटी,
आणि नळीच्या उजव्या अंगाला पळीएवढी वाटी, रंजकेची.
तोफेला असतो तसा बंदुकीलाही कान असतो.
कान भरल्याशिवाय ती बोलत नसे.
(आमच्या घरात अशा दोन जावा होत्या.)
पावसाळ्यात रंजक भिजायची.
घोडा पडे, ठिणगी पडे,
आणि ह्यांचे खापरपणजोबा चिखलात उभे,
खांद्याशी साडेचार हात लाकूड-लोखंड लावून.

मग लष्करातल्या कुणा लोहाराने,
नाव माहीत नाही, घोड्याच्या आतल्या बाजूला
त्याने नखाएवढी मासोळी कोरली आहे,
मला ती घासलेट लावताना दिसली,
वाटी छिन्नीने उडवली.
कान मोठा करून त्यात पेचाची बोंडी बसवली.
घोड्याचे दात काढून त्याला बोथट थोबाड दिलं.
पोलादाचा पडदा जिथे होता
तिथली तीन भोकं पितळेने बुजवली.
आता तांब्याची टोपी चढवायची, बस्स.
ऊन, धुकं, आषाढ, काही असो, बार व्हायचाच.

हे सांगताना सासऱ्यांचा आवाज चढायचा.
मी एकदा विचारलं, टोपी कुठली?
विलायतेची. डब्यात शंभर.
आणि गारगोटी?
गारगोटी काय, सोनरेखेच्या पात्रात वाटेल तेवढी.
म्हणाले, आणि पान लावता लावता थांबले.

टोपी घातली खरी. कोणी कोणाला
हे आम्ही दोघांनीही पुढे काढलं नाही.

काडतुसं आली, टोप्या यायच्या बंद झाल्या.
शेवटची उडाली आतेसासूबाईंच्या वरातीत,
फालक्याच्या बाजारात वळताना.
फुसका बार, असं नवऱ्याकडचे म्हणत.
आमच्याकडच्या मते दोन कबुतरं पडली.
तेव्हापासून ती नीट आहे.
तिला काहीही झालेलं नाही.

मी जनकगंजच्या शाळेत मराठी शिकवत होते.
पटावर अकरा, मग चार,
मग एकच मुलगी, तीही तोमरांची, हट्टाने आलेली.
मला तीन महिने भोपाळला पाठवलं,
परत आले ती हिंदीची होऊन.
एकवीस वर्षं, घंटेच्या ठोक्याला, एकही तास चुकला नाही.
फक्त फळ्यावर लिहिताना कधीतरी
'ळ' हाताशी यायचा,
मी डस्टर घ्यायची.

दीवानजी पावती फाडतात.
सरोजिनी इंगले.
पूर्वी मी त्यांच्याच पेनाने दुरुस्त करून द्यायची,
ते म्हणायचे, वही तो लिखा है.
या वेळी घडी घालून पर्समध्ये टाकली.

मालखान्यात भिंतीशी बारा बोअरच्या दुनळ्या,
चकचकीत, लग्नांत उडून आलेल्या.
त्यांच्या रांगेत ही, सगळ्यांहून हातभर उंच.
दीवानजी चिठ्ठीचा दोरा घेऊन वाकतात,
बोंडीच्या भोकात घालू बघतात.
वहां नहीं, मी म्हणते,
कान में नहीं. घोडे की गर्दन में बांधिए.
ते हसतात, पण बांधतात तिथेच,
दोन गाठी मारून.

येताना इरकल पिशवीत.
तिला घासलेटचा वास येतोय.
ई-रिक्षात कोणी काही विचारत नाही.